सिनेमात मले काम नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
आमच्या रुपालीच्या बाबावर, म्हणजे यांच्यावर, सिनेमा निघून राह्यला! आमची पुतणी प्रियंका कॅमेरा घेऊन दिग्रसले आली. लग्नाआधी हे मोर्चात धरले गेले, जेलात गेले, तिथल्या शिपायाशी दोस्ती झाली — त्याचा सिनेमा. मी इचारलं, माझं काम काय? तर म्हणे, "काकू, तुम्ही तवा कुठं होत्या? हा दोस्तीचा सिनेमा हाय." हे हसले. एवढी वर्षं मी सांभाळलं, अन् सिनेमात शिपाई!

५ फेब्रुवारी
कापसाच्या जुन्या जिनिंगात शूटिंगसाठी जेल केलं. यांच्या जागी एक गोरापान पोरगा उभा. मी म्हटलं, "उन्हात ठेव याले आठ दिवस." प्रियंकानं मले बाहेर काढलं.

८ फेब्रुवारी
तो शिपाई आला. शंकरसिंग राठोड, पुसदचा. रिटायर झाला, मिशा पांढऱ्या. "जय भीम, शंकऱ्या." "जय सेवालाल, कैदी." दोघं पोरांवाणी एकमेकाच्या पाठीत बुक्के मारून राह्यले. इतकी वर्षं दोघं बाहेर भेटत होते, पण हा घरी कधी आला नाही. काहून, इचारलं.
"भेत होतो, वहिनी. कळंबले तुमच्या बापाच्या घरी बूट घालून शिरलो, तुम्ही काय बोलल्या, आठवते?"
आठवलं! मले पाहायले आलेला तो खाकी पँटवाला! मी तर त्याले यांचा मावसभाऊ समजत होती. सारवलेल्या घरात बुटानं आला. मी पाव्हण्यावरच ओरडली, "डोळे हायेत का बटनं?" बापानं कपाळावर हात मारला होता.
हे जेलात, म्हणून यांच्या जागी शिपाई पोरगी पाहायले! हसून हसून पोट दुखलं. प्रियंका म्हणे, "काकू, हे पायजेच सिनेमात."

९ फेब्रुवारी
शूटिंग झालं. तरणी मी म्हणून वर्षा नावाची पोरगी होती, पण तिले ओरडताच येत नाही. मी दाखवलं. शिपाई झालेला पोरगा बूट काढून पळाला तो चहालेच परतला. प्रियंकानं आवाज माझाच घेतला. हे दिवसभर शूटिंगकडं फिरकले नाहीत. जळत असतील.

१० फेब्रुवारी
जेवताना शंकरसिंगभाऊ बोलून गेला. यांनी त्याले पोरगी पाहायले नाही, तर नकार द्यायले धाडलं होतं. "जेल कवा सुटंल ठावं नाही, त्या पोरीले अडकवू नको." शंकरसिंगभाऊनं माझ्या शिव्या खाल्ल्या अन् माझ्या बापाले हो सांगून आला. जेलात यांले म्हणे, "जमवून आलो. आता तू सुट."
हे ताटाकडं पाहत बसले.
मी पुरणपोळी आधी शंकरसिंगभाऊले वाढली. मग यांले दोन.