नव्वद सेंटिमीटरच्या आत

२ फेब्रुवारी

आले एकदाची! दोन बॅगा, कॅमेरा आणि तीन जिने. बाबा दारातच उभे होते आणि पहिलं वाक्य होतं, उशीर केलास. घर बदललं तरी माणूस तोच आहे म्हणायचा, मला हसूच आलं.

घर छान आहे. दोन खोल्या, मधे लांब पॅसेज, आणि बैठकीच्या खिडकीतून असा मऊ उजेड येतो की स्टुडिओत चार दिवे लावूनही तो जमायचा नाही. आई गेल्यावर बाबा इथे आले. मी राहायला पहिल्यांदाच आले आहे, वर्तमानपत्रातल्या नोकरीला रामराम ठोकून. बाबांना एकटं ठेवू नका, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि दादाने फोनवरून निकाल दिला की तुझं काम काय, कुठूनही होतं. त्याचं मात्र समुद्रापलीकडूनच होतं. असो, रुसायचं नाही असं ठरवलं आहे.

५ फेब्रुवारी

कपाटात बाबांची जुनी पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स सापडली, पायमोज्यात गुंडाळलेली. जन्मभर लोकांच्या लग्नाचे फोटो हिच्यावर काढले, पण मला कधी हात लावू दिला नाही. माझा फोटो पहिल्यांदा पहिल्या पानावर आला तेव्हा म्हणाले होते, फोकस यंत्राने केला, त्यात तुझं काय? मी ते अजून विसरलेली नाही. ती माझ्या कॅमेऱ्यावर बसवायला अडॅप्टर मागवला आहे. त्यांना सांगितलेलं नाही.

९ फेब्रुवारी

अडॅप्टर आला. नुसती धातूची जाड कडी, आत ना काच ना तार. कॅमेरा म्हणे, लेन्सच लावलेली नाही. मेनूत शिरून त्याची समजूत घातली तेव्हा कुठे गडी तयार झाला. आता फोकस हाताने करायचा. जे नेमकं फोकसमध्ये येईल त्याच्या कडा स्क्रीनवर लाल दिसतात, ती सोय चालू केली. रिंग फिरवली की लाली पॅसेजमधून पुढे सरकत जाते, आधी दाराची कडी, मग पायपुसणं, मग टोकाची भिंत. लेन्सवर मीटरचे आकडे कोरलेले आहेत, त्यावरून वस्तू किती लांब तेही कळतं. दुपारभर खेळत बसले. किती दिवसांनी इतकी खूश होते!

११ फेब्रुवारी

पॅसेजमध्ये पाच मीटरवर काहीही नाही. तरी तिथे लाल कडा उमटल्या. एक खांदा, वर डोक्याची गोलाई. फोटो काढला तर पॅसेज रिकामा. काच पुसली, अडॅप्टर काढून पुन्हा बसवला. कडा होत्या तिथेच. माझी नेहमीची लेन्स लावली की काहीच दिसत नाही. जुन्या काचेत असं काहीतरी होत असेल.

१३ फेब्रुवारी

तीन मीटर. बैठकीत, बाबांच्या खुर्चीमागे. बाईच आहे, उंचीने माझ्याएवढी.

शेवटी बाबांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग हळूहळू बोलले. शेवटच्या दिवसांत आईचा फोटो घ्यायला गेलं की फोकस तिच्यावर बसायचा नाही म्हणे, तिच्या मागच्या रिकाम्या जागेवर बसायचा. रोज थोडा जवळ. एक दिवस त्यांनी घाबरून लेन्स मोज्यात घातली. आठव्या दिवशी आई गेली.

म्हणजे ती खुर्चीमागची बाई आता बाबांसाठी आली आहे. लिहायची लाज वाटते, पण ही वही माझीच आहे. मला सुटल्यासारखं वाटलं.

१५ फेब्रुवारी

दोन मीटर. बाबांची खुर्ची हलवता आली असती. मी हलवली नाही. उलट संपादकांना लिहिलं, महिन्याभरात परत रुजू होऊ शकेन. मग बाबांना चहा करून दिला. साखर बरोबर पडली म्हणाले. राग आला, त्यांचा की माझा, कोण जाणे.

१७ फेब्रुवारी

आज स्वयंपाकघरातून पाहिलं. बाबा तिकडे बैठकीत, मधे भिंत. आणि ती इकडे. दीड मीटर. पॅसेजमध्ये गेले, तिथेही दीड. गच्चीवर भर उन्हात गेले. दीड.

बाबांसाठी आलेली नाही.

१८ फेब्रुवारी

शून्य पूर्णांक नऊ. नव्वद सेंटिमीटर. रिंग इथे अडते, पुढे फिरत नाही. याहून जवळचं या लेन्सला दिसत नाही.

१९ फेब्रुवारी

नाही! कुठेच नाही! सगळ्या खोल्या पाहिल्या, टोकापासून टोकापर्यंत रिंग फिरवली. गेली, गेली —

गेली नाही. आत आली आहे.

२० फेब्रुवारी

ही लेन्स ज्याच्या हातात त्याच्याकडे ती येत असेल. असंच असणार. बाबांच्या हातात दिली तर — आईच्या वेळी लेन्स बाबांच्याच हातात होती आणि गेली ती आई, हे मला कळतं. कळून घ्यायचं नाही. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी एकेचाळीस.

२१ फेब्रुवारी, सकाळ

बाबांना म्हटलं, माझा एक फोटो काढा. त्यांनी लेन्स चाचपली आणि ओळखली. जवळ आली का, एवढंच विचारलं. मी मान हलवली, ती त्यांना दिसली नसणार. म्हणाले, दे इकडे, माझ्याकडे येऊ दे तिला. तुझा एकही धड फोटो मी काढला नाही, असंही म्हणाले. मी कशासाठी कॅमेरा दिला ते त्यांना पुरतं कळलं होतं. तरी मी तो परत घेतला नाही.

मी दोन मीटरवर स्टुलावर बसले आहे, वही मांडीवर. त्यांना चेहरे दिसत नाहीत, लाल रंग तेवढा कळतो. वेळ लागतोय.

बसला म्हणतात फोकस.

विचारतात, शेजारी कोण बसलंय. मी म्हटलं, कोणी नाही.

म्हणतात, तिला जरा सरकायला सांग, तू झाकली जातेस —

मी म्हटलं, खाली ठेवा बाबा, राहू दे. ऐकत नाहीत. रिंग फिरवतायत, मला शोधतायत —

म्हणतात, आता एकच दिसते. तिला बसवून तू का उठलीस?

मी उठलेली नाही. मी ओरडून सांगतेय, त्यांना ऐकू — बाबा, मी इथेच आहे, मी इथे —