ब्रेनरच्या फुलांबाबत

मी, जनार्दन केशव खानझोडे, वय ७४, निवृत्त इंजिनिअर, मूळचा नागपूरचा, सध्या राहणार मिल वुड्स, एडमंटन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. हृदय दगा देत आहे. डोके ठिकाणावर आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर पत्नी सौ. सुहासिनी हिला द्यावे. तिच्यामागे ते आतल्या सामानासकट मुलगी जाई हिचे व्हावे.

२. बेसमेंटमधली माझी हत्यारे आणि स्नो ब्लोअर जावई जयदीप यांना. ते रिचमंड हिलला कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहतात, त्यांना स्नो ब्लोअरचा उपयोग नाही हे मला कळते. तरी तो या गल्लीत कोणाला देऊ नये. त्याच यंत्राने मी वर्षानुवर्षे शेजारच्या वॉल्टर ब्रेनरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ साफ केला, आणि त्याने आभार मात्र दरवेळी सुहासिनीचे मानले.

३. माझ्या तेराव्याला ब्रेनरच्या पद्धतीचा प्लमचा केक करू नये. कोणी आणलाच तर वाढू नये.

४. आता ते चित्र. याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

ब्रेनर जर्मन, विधुर. पूर्वी त्याची बेकरी होती. त्याच्या दिवाणखान्यात फुलांचे एक तैलचित्र होते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कोणी जर्मन चित्रकार त्याच्या आजीकडे उन्हाळाभर भाड्याने राहिला आणि जाताना ते देऊन गेला, असे तो सांगे. सही वाचता येत नाही. हिरव्या बरणीत डेलियाची फुले, आणि रंग असा जाड की सुरीने लोणी फासावे.

म्हातारपणी ब्रेनरची नजर गेली. तेव्हा त्याने सुहासिनीला विचारले, दुपारी येऊन ते चित्र मला सांगत जाशील का. ती जाऊ लागली. मला वाटले, शेजारधर्म. एकदा जाईचा फोन आला म्हणून तिला बोलवायला गेलो आणि बर्फाच्या बुटांनिशी दारातच थांबलो.

"सुहासी, हाऊ आर दे टुडे?" ब्रेनर विचारत होता. पूर्ण नाव त्याला कधी जमले नाही. माझ्या बायकोचे नाव छोटे करायची परवानगी त्याला कोणी दिली होती?

"टुडे द रेड इज अँग्री," ती म्हणाली. "रात्रभर कोणाशी तरी भांडून आल्यासारखा."

मग ती पांढऱ्याबद्दल बोलली, बरणीच्या सावलीबद्दल बोलली. इंग्रजी अपुरे पडले की मराठीत शिरे, आणि तो म्हातारा सगळे कळल्यासारखी मान डोलवी.

माझ्याशी ती काय बोले? ग्रोसरी, फर्नेसचा फिल्टर, विंटर टायर कधी बदलणार. रंगाला राग येतो हे उभ्या संसारात तिने मला कधी सांगितले नव्हते. त्या दोघांत वावगे काही नव्हते. असते तर निदान भांडता तरी आले असते.

२०१६ च्या हिवाळ्यात ब्रेनर गेला आणि चित्र तिच्या नावे करून गेला. ते आमच्या जेवणाच्या टेबलासमोर लागले. माझा चेहरा बघून जाई म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट फ्लॉवर्स." फुलांवर माझा राग नव्हताच. एकदा धीर करून मी सुहासिनीला म्हणालो, "मलाही सांग ना, काय दिसतं तुला त्यात."

"तुम्हाला डोळे आहेत की," ती म्हणाली आणि ताटे उचलून आत गेली.

त्यानंतर मी जेवणाची खुर्ची बदलली.

या महिन्यात वकीलबाई म्हणाल्या, घर सामानासकट जाईकडे जाणार तर चित्र त्यातून वगळा, आणि ओळख पटेल असे एखादे वाक्य लिहा. मी लिहायला बसलो. दोन वर्षे ज्याचा हेवा केला, त्याबद्दल मला एक वाक्य सुचेना. शेवटी सुहासिनीला हाक मारली.

"कायद्याचं काम आहे," मी म्हणालो. "तू सांग, मी लिहितो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून जवळ बसली.

५. चित्राचे वर्णन, पत्नीने सांगितले तसे:

"बरणी कललेली आहे. फुलं तिच्यात ठेवल्यासारखी नाहीत, तिच्यातून निघून चालल्यासारखी आहेत. मधला डेलिया तांबडा, कडेने काळा पडत चाललेला. काढणाऱ्याला ठाऊक होतं, हा उद्या गळणार. म्हणून त्याने घाईघाईने रंग लावलाय, मध्येच बोटानेसुद्धा. टेबलावर एक पाकळी पडलीय. आणि मागे, पांढऱ्याच्या आड, एक निळं फूल आहे. तोंड फुगवून बसलंय. ते बघितलं की मला तुम्ही आठवता."

माझे लिहिणे थांबले. "हे ब्रेनरला सांगितलं होतंस?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"तिथे निळं फूल आहे, हेच त्यांना कधी सांगितलं नाही."

वकीलबाईंच्या मते हे वर्णन लांबले आहे. यातला एकही शब्द कापू नये. चित्र सुहासिनीचे आहे, पुढे कोणाला द्यायचे ते तिने ठरवावे. ब्रेनर त्या निळ्या फुलावाचून गेला, याचे मला पुरेपूर समाधान आहे. तेही येथे नमूद करतो.

ठिकाण: एडमंटन, आल्बर्टा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१८

(सही) जनार्दन केशव खानझोडे

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. (सही) रविकांत देवपुजारी, मित्र
२. (सही) यामिनी देवपुजारी, त्यांच्या पत्नी