शिंप्याच्या दुकानापर्यंत

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द रिवाजाखातर लिहिलेला नाही. हल्ली माझा निम्मा दिवस तुमच्या मोटरसायकलशेजारी जमिनीवर पालथं पडण्यात जातो, त्यामुळे नमस्कार आपोआप आठही अंगांनी होतो.) आम्ही सगळे मजेत. तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? आईचा उजवा आहे तसाच आहे. तुम्ही दोघा भावंडांनी एकेक गुडघा धरून ठेवलाय आणि आपल्या दोन घरांमधला पूल बिचारा बाकीच्या लोकांच्या पायाखाली झिजतोय. तिला म्हटलं, जाऊन ये, तर म्हणते, "धाकटा तो आहे, त्यानं यावं." तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणणार, तिचा फोन तर येऊ दे. असो. मोठ्यांच्या गुडघ्यात लहानांनी पडू नये. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत असालच.

तुमची अट माझ्या लक्षात आहे. ज्याला तुम्ही गाडी देऊ केलीत तो हॉटेलवाला महिनाअखेर टेम्पो घेऊन येणार, गाडी उचलणार आणि गल्ल्याच्या वर भिंतीला टांगणार. (दिवा चालू ठेवणार म्हणे, आणि सीटवर कुंडी. कुंडी, मामा!) तोपर्यंत ती स्वतःच्या पायांनी तुमच्या दारात आली तर घरची, नाहीतर भिंतीची, असं तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात. तुम्ही चेष्टेत बोललात का खरं, हे मला तुमच्या आवाजावरून कधीच कळलेलं नाही. पण मी ते खरंच धरून चाललो. ज्या टाकीवर हनुवटी टेकवून मी लहानपणी तुमच्या दोन हातांच्या मधून रस्ता बघितला, ती टाकी लोकांच्या जेवणाच्या डोक्यावर लोंबकळणार, हे काही मला सोसवेना. टाकीतलं पेट्रोल वळणावर डुचमळायचं तो आवाज मला अजून आठवतो. झोपलेल्या गाईच्या पोटातून यावा तसा. त्या आवाजात मला हमखास झोप लागायची आणि तुम्ही एका हातानं गाडी चालवून दुसऱ्यानं मला धरायचात. (हे आईला माहीत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवताना एवढी ओळ गाळेन.)

आता मुख्य विषय. मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही, हे तुम्ही जाणताच. घड्याळं, पंखे, शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप, सगळं मी स्वतः उघडून स्वतः शिकलो, आणि त्यातलं बरंचसं नंतर चालूही झालं. माझी एक पद्धत आहे. पेट्रोल कुठे अडतंय हे शोधायचं असेल तर आधी पेट्रोल व्हायचं. गाडीशेजारी चटई टाकायची, डोळे मिटायचे, आणि आपण टाकीतला एक थेंब आहोत असं समजून खाली निघायचं. टाकीत काळोख असतो, वरच्या झाकणाच्या भोकातून सुईएवढा उजेड येत असतो, आजूबाजूला बाकीचे थेंब अंगाला अंग लावून पडलेले. मग टाकीच्या बुडाशी कॉक लागतो, तोच तो पेट्रोल चालू-बंद करायचा खिट्टा. तिथून नळी, नळीतून कार्ब्युरेटरची वाटी, वाटीत तरंगणारा फ्लोट, आणि शेवटी जेटचं ते केसाएवढं भोक, ज्यातून आपण फवारा होऊन उडायचं. मी असा रोज दुपारी उडत होतो. तुमची भाचेसून याला झोप म्हणते. घोरण्याच्या आवाजाबद्दल तिनं काही सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तो इंजिनचा अभ्यास असतो.

आमच्या मागच्या दारी इतकी वर्षं उभी राहून तुमच्या गाडीच्या टाकीत गंज झाला होता. मूठभर लोखंडी नट टाकून ती टाकी मी बाळाला जोजवावं तशी मांडीवर घेऊन हलवली, धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. कार्ब्युरेटर उघडला तर आत जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. जेट तारेनं साफ करतात ती माणसं वेगळी. (तारेनं भोक मोठं होतं. मी हवेनं केलं, तोंडानं फुंकून, चव अजून जिभेवर आहे.) फ्लोट पाण्यात बुडवून पाहिला, बुडबुडा नाही. नळी नवी घातली, तीही पारदर्शक, म्हणजे पेट्रोल जाताना दिसावं. आणि मग एका दुपारी किक मारली आणि ती चालू झाली, मामा. स्वयंपाकघराच्या खिडकीची तावदानं थरथरली. आईच्या हातातलं भांडं खाली पडलं आणि ते उचलायला कुणीच वाकलं नाही.

मी हात धुतले, शर्ट बदलला आणि निघालो. गल्ली, दवाखाना, पिठाची गिरणी, वळण. आणि वळणानंतर शिंप्याच्या दुकानासमोर गाडीनं एक उसासा सोडला आणि ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या दुकानासमोर. तिसऱ्या दिवशी तिथेच, हातभर पुढे. (मला आशा वाटली. पण तो उतारावरचा हातभर होता.) नळीत बघावं तर थेंब नाही. घरी आणून नळी काढावी, कॉक उघडावा, तर पेट्रोल असं धो धो वाहायचं की वाटी भरून जमिनीवर इंद्रधनुष्य उमटायचं. घरी वाहतं आणि शिंप्याकडे वाहत नाही! म्हणजे झाकणाचं भोक बुजलं असणार, टाकीत हवा शिरत नसणार, म्हणून ते सुईनं मोकळं केलं. शिंप्याच्या दुकानासमोर बंद. झाकणच काढून, वर फडकं बांधून गेलो. बंद. मग मला रस्त्याचा संशय आला. भिंतीला लावायची पाणसळ घेऊन मी त्या रस्त्याचा उतार मोजला. लोक मला रस्ता रुंदीकरणाचा माणूस समजले आणि गिरणीवाला आपलं बाकडं आत घेऊन गेला.

शिंपी माणूस चांगला आहे पण बोलतो. पहिल्या दिवशी त्यानं पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी स्टूल दिलं, नंतर नंतर तर मी वळणावर दिसलो की स्टूल आधीच बाहेर यायचं. म्हणायचा, "साहेब, गाडीला बहुतेक माप द्यायचंय." मी लक्ष देत नसे. खरं सांगू का, मला ते स्टूल आवडायला लागलं होतं. तिथे दुपारचं ऊन छपराच्या कापडातून गाळून येतं. इस्त्रीखालच्या ओल्या कापडाची वाफ वास घेऊन येते, मशीन दूर कुठेतरी चालल्यासारखं चालतं, आणि समोर तुमची गाडी एका बाजूला मान टाकून उभी. मला वाटायचं, असू दे. हीच तिची जागा असेल. काही माणसं नाही का, एका ठरावीक घरापुढे आली की चालायची थांबतात? मग टेम्पो आठवायचा, कुंडी आठवायची, आणि मी उठून गाडी ढकलायला लागायचो.

घरी आणून नळी काढण्याआधी कॉक बंद करावा लागतो. मी हात घातला की तो दर वेळी बंदच असायचा. मामा, मला माझंच कौतुक वाटायचं. म्हटलं, शिस्त अशी असावी. गाडी थांबल्याबरोबर माझा हात मला न विचारता कॉक बंद करतो! तुमच्या भाचेसुनेलाही मी हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "मग तोच हात दिवे पण बंद करू देत." आणि निघताना कॉक मी स्वतः उघडत असे, याबद्दल शंकाच नको. उघडायचो, नळीत पेट्रोल उतरताना बघायचो, मग आत जाऊन साबणानं हात धुवायचो, शर्ट बदलायचो आणि बाहेर पडायचो. एकदा तपासलेलं पुन्हा तपासू नये, हा माझा नियम आहे. मळक्या शर्टानं गाडी चालवू नये, हा दुसरा.

गेल्या आठवड्यात एके दिवशी शर्टच नव्हता. तो शिंप्याकडे होता. (रोज बसायचं आणि काही शिवायला टाकायचं नाही, हे बरं दिसेना.) म्हणून कॉक उघडून मी तिथेच, मागच्या दाराच्या पायरीशी, चटईवर आडवा झालो आणि थेंब झालो. टाकीत होतो. गार होतं. तेवढ्यात पावलं ऐकू आली. डोळे किलकिले केले तर आई. दुपारची सगळ्यांची जेवणं झाली की ती घरातून एक फेरी मारते. गॅस बंद आहे का बघते, मोरीचा नळ पिळते, खिडकीची कडी लावते. मग ती मागच्या दाराशी आली, उजव्या गुडघ्यावर हात ठेवून वाकली, आणि तुमच्या गाडीचा कॉक बंद केला. टाकीवर हात फिरवला, मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा, आणि आत गेली.

मला क्षणभर वाटलं हे स्वप्नातलंच. कारण थेंब म्हणून मी रोज त्या कॉकमधून जात होतो, आणि रोज तो उघडा आहे हे गृहीत धरूनच जात होतो.

उठून आत गेलो, विचारलं. ती म्हणाली, "अरे, त्यानंच सांगितलंय. डोळ्याच्या ऑपरेशनला निघाला तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, ताई, कॉक तेवढा बंद ठेव. रोज ठेवते." मी म्हटलं, आई, इतकी वर्षं टाकीत पेट्रोलच नव्हतं. ती म्हणाली, "ते मला काय ठाऊक? मला कॉक सांगितला होता."

म्हणजे हे असं होतं. मी हात धुवायला जायचो, ती फेरी मारायची, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेलं घोटभर पेट्रोल बरोबर शिंप्यापर्यंत पुरायचं. यात यंत्रणेचा दोष शून्य आहे, हे मी लेखी देतो. उलट इतकी नेमकी वाटी मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिली नाही.

त्याच दुपारी, मळक्या शर्टावर, कॉक उघडून निघालो. शिंपी स्टूल घेऊन बाहेर आला होता. मी त्याच्यासमोरून गेलो. तो ओरडला, "साहेब, ब्रेक लागत नाहीत का?" पुढचा रस्ता मी ओळखतच नव्हतो. झाडांच्या सावल्या टाकीवरून सरकत होत्या, पेट्रोल आत डुचमळत होतं, आणि माझी हनुवटी (वयानं आता दोन झालेली) आपोआप खाली टेकायला बघत होती. पुलापर्यंत गेलो. परत आलो. मग रोजच गेलो, सकाळी आणि संध्याकाळी. पूल मात्र ओलांडला नाही.

तर असं आहे. गाडी तयार आहे. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. – खरं काम राहिलंच. तुम्ही म्हणाल, आता काय अडलं, निघताना कॉक बघ आणि ये. बघतोच. पण आईदेखत मी तो उघडला की त्या दिवशी ती गॅस पुन्हा पुन्हा बघते. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट माझ्या हातानं मोडणं मला जमत नाही. तिला म्हटलं, आता नको बंद करूस. म्हणाली, "ज्यानं सांगितलं त्यानं येऊन सांगावं." फोनवर चालेल का विचारलं, तर म्हणे, त्यानं दारात उभं राहून सांगितलं होतं. तेव्हा गुडघा घेऊन या.

ता. क. २ – हॉटेलवाल्याला भिंतीसाठी दुसरं काही सुचवा. माझ्याकडे एक पाण्याचा पंप आहे.

ता. क. ३ – हे शिंप्याच्या स्टुलावरून, त्याच्या पेन्सिलीनं. जेवणं झाल्यावर पत्र आईला वाचून दाखवलं (ती ओळ गाळून), तिनं ता. क. पुन्हा वाचायला लावला आणि फेरीला उठली. मी हात धुतले, शर्ट बदलला, पत्र पेटीत टाकायला निघालो, आणि गाडी इथे येऊन थांबली. शिंपी हसला. मी वाकून पाहिलं. मामा, कॉक उघडा होता. आईनं आज बंद केला नव्हता. टाकीतलं पेट्रोल संपलं होतं. (पुलापर्यंतच्या फेऱ्यांत. बाकी सगळं मी तपासलं होतं.)

कॉक रिझर्व्हवर, म्हणजे तळाच्या राखीव पेट्रोलवर टाकलाय. टाकीच्या बुडाशी उरलेलं आहे ते पूल ओलांडून तुमच्या दारापर्यंत पुरेल, परतीला पुरणार नाही. म्हणून पत्र पेटीत टाकत नाही, हातीच आणतोय. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी पायरीपाशी उभा असेन आणि इंजिन चालू असेल. ते मी बंद करणार नाही. चप्पल घाला, बाहेर या आणि कॉक तुमच्या हातानं बंद करा. मग पेट्रोल आणू, आणि तुम्ही मागे बसा. आईनं दार उघडं ठेवलंय.