एक जूनच्या आत

४ डिसेंबर २००२. कॅम्प, हरद्याच्या पुढे.
आज सहा टॉवरवरनं विजेची तार ओढली. दुपारपर्यंत वरच होतो. मुकादम म्हणतो वरून नर्मदा दिसती. मला नुसता गहू दिसतो. खाली उतरलो तर त्याच्या हातात माझं पत्र. तीन कॅम्प फिरून आलंय, पाकीट काळं पडलंय.
मॅडमचं. परिविक्षा अधिकारी. मी अनाथ मुलांच्या संस्थेत होतो तेव्हापासून माझ्या मागं हायत, सुटलो तरी सोडलं नाय. लिहिलंय, "सोमनाथ, रंजनाला १ जूनला अठरा पूर्ण होतात. त्यानंतर तिला मुलींच्या संस्थेत ठेवता येणार नाही. नातेवाईक पुढे आला नाही तर महिलांच्या सरकारी राज्यगृहात पाठवावं लागेल, तेही दुसऱ्या जिल्ह्यात. नातेवाईक तू एकटाच आहेस. काय ते कळव."
खाली वेगळ्या पेनानं, "यावेळी खरंच कळव."

५ डिसेंबर.
एक जून. माझा पण वाढदिवस एक जून. संस्थेत सगळ्यांचाच. जन्मतारीख माहीत नसली की शाळेत एक जून टाकून द्यायचे. त्या दिवशी सगळ्यांना मिळून एकच बुंदी.
रंजी खरी झाली नागली कापायच्या टायमाला. मला आठवतं, मला एकट्याला खळ्यावर बसवून सगळ्या बायका झोपडीत पळाल्या होत्या. म्हणजे दिवाळीच्या आसपास. म्हणजे बहीण अजून सतराचीच हाय. पण आई तर द्राक्षाच्या मळ्यात कामाला आली तिथंच गेली, आता साक्ष कोण देणार. खळं देणार?

१२ डिसेंबर.
तालुक्याला जाऊन एसटीडीवरनं फोन केला.
"कुठं आहेस?"
"हरदा."
"मागच्या वेळी रायपूर होतं."
"लाईन पुढं सरकती मॅडम."
"लाईन सरकू दे. तू नाशिकला ये. खोली घे, काम धर, आणि एक जूनपर्यंत एका जागी राहून दाखव. बालकल्याण समिती दुसरं काही विचारणार नाही."
संस्थेतनं निघाल्याला तीन वर्षं झाली. पाच कामं. सगळ्यात जास्त टिकलो ते इथंच, कारण इथं जागा आपोआप बदलती.

२ जानेवारी २००३. नाशिक.
आलो. मुकादम निघताना म्हणला, "बहिणीला घर बांधून देतो का काय?" म्हटलं घर नाय, पत्ता.

७ जानेवारी.
पाच दिवस खोली बघतोय. सगळीकडं तेच, "गाव कोणतं? घरी कोण कोण असतं?" खरं सांगितलं की मालकीण आत जाऊन मालकाला विचारते. मालक बाहेर येतच नाय.
आज मखमलाबादला मळ्यात गेलो. सखूमावशी, फुलं करते. गुलाब, शेवंती, कडेनं झेंडू. नवरा नाय, पोरी दिलेल्या. फुलांच्या पाट्या ठेवायची खोली हाय ती भाड्यानं द्यायची. म्हटलं मावशी, मी संस्थेत वाढलोय, आधीच सांगतो.
"दारू पितो का?"
"नाय."
"झाडावर चढतो का?"
"टॉवरवर चढतो."
"मग चिंचा उतरवशील. ये."

२० जानेवारी.
अंबडला काम लागलं. खिडक्यांचे ग्रिल वेल्डिंग करायचे. दिवसभर जमिनीवर. मान वर करायची गरजच नाय. शेठ बरा हाय, बोलत नाय.

९ फेब्रुवारी. रविवार, भेटीचा.
रंजीला भेटलो. बाकड्यावर ती, बाकड्यावर मी, समोर संस्थेच्या ताई लोकर विणत बसलेल्या. किती उंच झाली. तिनं पहिलं काय विचारावं? "कधी जाणार परत?"
म्हटलं, "आता राहायला आलोय."
"बरं," म्हणली. नळाला पाणी आलं म्हटल्यावर म्हणतात तसं.
यावर्षी एक जूनवाल्या तिघी. एकीचं लग्न ठरवलंय संस्थेनं, मुलगा बघून गेला. एक राज्यगृहात जाणार. तिसरी ही.
"तू ये नाहीतर नको येऊ," म्हणली, "पण मे महिन्यात सांगू नको. आत्ता सांग."
सांगितलं. येतो.

१ मार्च.
कामावर गेलो नाय. सकाळी हायवेला टॉवरचं लोखंड भरलेला ट्रेलर दिसला, त्याच्या मागं सायकल दामटत ओझरपर्यंत गेलो. का गेलो? ड्रायव्हरनं आरशातनं बघितलं आणि हसला. मग परत.
मावशी बांधावर उभी. "पाय खाजतात का रे तुझे?"
"हो."
"मग शेवंतीला पाणी धर. चिखलात बरं वाटतं."
धरलं. खरंच बरं वाटलं. शेठला उद्या काय सांगू?

१८ मार्च.
गृहभेट. मॅडम स्कूटीवर आल्या, हातात छापील फॉर्म. संडास बघितला, पाणी बघितलं, स्टोव्ह बघितला. माझे कपडे दोरीवर सरळ घातले होते ते बघून म्हणल्या, "हे आजच केलंस ना?"
फॉर्ममधे एक रकाना, घरातील स्त्री. मॅडमचा पेन तिथंच थांबला. "इथं काही नसेल तर समिती अडवते, सोमनाथ. एकट्या भावाकडे मुलगी देत नाहीत."
मावशी दारातनं, "मी काय बुजगावणं हाय का?"
"तुम्ही घरमालकीण आहात मावशी. नातं काय लिहू?"
"आत्ता काय म्हणलात मला? तेच लिहा."
मॅडम हसल्या. लिहिलं, मावशी.
मॅडमनी दार लावून बघितलं तर आतून कडी बसत नाय. "मुलगी राहणार, आतून कडी पाहिजे." उद्या शॉपमधे चांगली जाड पट्टीची बनवतो.

४ मे.
रंजी आली. आठ दिवसांची रजा, राहून बघायला. एक पिशवी. आल्या आल्या बसली ती भिंतीला टेकूनच. चहा प्यायला सांगेपर्यंत कप हातात धरून होती.

५ मे.
कामावरनं आलो तर सकाळी बसली होती तिथंच. दार सताड उघडं. माठ कोरडा. विहीर वीस पावलांवर.
"पाणी का नाय आणलंस?"
"कुणी सांगितलं नाय."
ओरडलो. मग लाज वाटली. पहिल्या कामावर असताना मी लघवीला जायला हात वर करायचो. सगळं वर्कशॉप आठवडाभर हसत होतं, येताजाता हात वर करायचे. तिला सांगितलं. लय हसली. लहानपणी हसायची तसंच, नाक दाबून.

७ मे.
तिला नवा टॉवेल आणला होता. आज बघतो तर कोपऱ्यात लाल दोऱ्यानं ३१ घातलेलं, तिचा संस्थेतला नंबर.
"अगं, दोघंच तर हाय आपण."
"हात आपोआप गेला." उसवलं. मग म्हणती, "पण दोन्ही टॉवेल पांढरे. माझा कुठला ते कळणार कसं?"
बरोबर हाय. हिरवा आणला. दुकानात रंग तिनं निवडला, पाऊण तास लागला. दुकानदार माझ्याकडं बघतो, मी पंख्याकडं.

९ मे.
मावशीनं तिला सकाळी फूलबाजारात नेलं. आल्यापासून तोंड बंद नाय. मावशी म्हणते, "व्यापाऱ्यानं काट्यावर हात ठेवला तर ही म्हणली, आधी हात काढा, मग बोला. सगळा बाजार बघायला लागला. मला वीस वर्षांत जमलं नाय ते."
"संस्थेत डाळ मीच मोजून द्यायचे," रंजी म्हणली.

१० मे.
घरी आलो तर रंजी नाय. मावशीला माहीत नाय. सायकल काढली, बसस्टॉप, शाळा, नाका, सगळं पालथं घातलं. परत येतो तर ही खोलीत काकडी खात बसलेली. ओरडलोच. एकटीच बसनं रामकुंडावर जाऊन आली. इतकी वर्षं नाशकात, एकदा सहलीला नेलं होतं तेवढंच.
"विचारायचं राहिलं," म्हणली.
"विचारायचं नसतं गं."
"मग ओरडतोस कशाला?"


२३ मे.
समिती. लांब टेबल, चार जण, वर पंखा कुरकुरणारा. मी शर्ट इस्त्रीचा घातला. मॅडमनी अहवाल वाचला. टिकून आहे, वर्तन चांगलं. एक मार्चचं नाव काढलं नाय, माहीत असून. शेठकडं चौकशी केली होती त्यांनी.
अध्यक्षबाई म्हणल्या, "रंजना, भावाकडे जायचं ना?"
"जाईन. पण भाडेचिठ्ठी माझ्या नावावर पाहिजे."
"का गं?"
"हा पळतो."
सगळे हसले. मी फरशी बघत बसलो.
"हसू नका," म्हणली. "हा गेला तर मला परत कुणीतरी न्यायला यायचं. मग परत टेबलापुढं उभं राहायचं. खोली माझी असली तर हा गेला काय, आला काय."
टोकाचे सदस्य म्हणाले, "अगं पण एकटी मुलगी, एवढीशी..."
"साहेब, एक जूनला तुम्हीच मला मोठी करताय ना?"
मॅडम खिडकीतनं बाहेर बघत होत्या, खांदे हलत होते.
हुकूम झाला. चिठ्ठी रंजनाच्या नावे, सहा महिने मॅडमची देखरेख.

२६ मे.
तीन दिवस रागात हाय. इतकं केलं आणि चार लोकांत पळतो म्हणली. मावशीकडं तक्रार केली.
"खोटं बोलली का?"
"नाय."
"मग फुगतो कशाला? चिठ्ठी कुणाच्या का नावावर असेना, मला माणसं चांगली हायत." आणि हातात चिंचांचं गाठोडं दिलं, फोड म्हणून. फोडता फोडता राग गेला. खरं म्हणजे हलकं वाटायला लागलं, ते का ते कळत नाय.

२ जून.
काल एक तारीख, पण रविवार. ऑफिस बंद. सरकारनं अठरा करून पण एक दिवस फुकट ठेवून घेतली.
आज आणली. पत्र्याची पेटी, एक फाईल. फाटकाला बारक्या पोरी लोंबकळून, "रंजूताई, पत्र टाक." ती रडली नाय. रिक्षात बसल्यावर म्हणली, "फाईल माझ्याकडं दे." माझ्या मांडीवर होती. दिली. पूर्ण रस्ता उघडून वाचत बसली. तिची तारीख वाचली. "सगळ्यात मोठी थाप पहिल्याच ओळीत," म्हणली.
आता दिवाळीत दुसरा वाढदिवस करायचा ठरलंय.

१४ जून.
रंजी आडगावला पॉलिहाउसमधे लागली. गुलाबाच्या जुड्या बांधायच्या. बोटं फाटलीत पण ऐट बघा, बसचा पास गळ्यात. रात्रशाळेचा फॉर्म पण आणलाय, बारावीचा. मला म्हणती तू पण बस, दहावीला. म्हटलं बघू. घरात भांडण एकच, रेडिओ कुणी लावायचा.
बरं चाललंय. लिहून ठेवतो, बरं चाललंय.

२१ जून.
किराणा दुकानात मुकादमाचा फोन. नवी लाईन, बस्तरकडं, डोंगरातनं. "तुझ्यासारखा चढणारा नाय रे. माल घेऊन ट्रक सोमवारी संध्याकाळी तुमच्या नाशकातल्या द्वारका चौकातनं जाणार. यायचं तर पाचला उभा राहा. नसशील तर समजलो मी."
रंजीला सांगितलं. मला वाटलं चिडेल.
"जायचं तर जा," म्हणली. "मी हाय, मावशी हाय."
"मॅडम काय म्हणतील?"
"मॅडमना मी सांगीन. देखरेख माझी हाय, तुझी नाय."
साधं बोलली, टोमणा नव्हता. संस्थेतनं निघाल्यापासून मला कुणी जा म्हणलं नव्हतं. मी आपला न सांगता जायचो. आता सांगून जायचं तर पाय उचलत नाय. टॉवरवरचा वारा पण आठवतोय. दोन्ही खरं हाय.

२३ जून. सोमवार, सकाळ.
कामावर निघालो नाय अजून. शेठला पण काय बोललो नाय. पिशवी काढून बघितली, दोन शर्ट घातले, परत काढले. मावशी बांधावरनं बघती, विचारत नाय.
रंजीची बस आली की ती जाणार. चप्पल घालता घालता, "दादा, मी साडेपाचला येते, तुझा ट्रक पाचचा. भाकरी किती जणांच्या टाकू?"
"संध्याकाळी सांगतो."
"पीठ चाळायच्या आत सांग. उरलेली मी सकाळी खाणार नाय."
बसचा हॉर्न वाजला. ती दारातच उभी हाय, माझ्याकडं बघत.