खाच न पाहता

तिकिम्त महिना, तारीख ८, सोमवार

कार्ड आले. परदेशी स्थायिक झालेल्या एका भाविकाने चर्चच्या कार्यालयातील संगणकासाठी पाठविले. ते आत बसविले की जुन्या ध्वनिफितीवरचा आवाज यंत्रात उतरविता येतो म्हणे. माझ्या दिवंगत गुरुजींच्या स्तोत्रगायनाच्या फितींना बुरशी धरू लागली आहे, आणि त्यांच्या गळ्यातील ती वळणे आता अन्यत्र कोठेही ऐकावयास मिळणार नाहीत.

कार्यालयाचा लेखनिक देमेलाश म्हणाला, "अब्बा, जरा दमानं. खोक्यावर चित्र आहे. कार्डाची खाच आणि आपल्या बोर्डातला दात एका जागी येतात का, तेवढं आधी बघू. नाही जुळलं तर बदलून मागवू."

म्हटले, "मोशेच्या मंडपाच्या फळ्या जोडावयास कुसे किती आणि बैठका किती, हे मी तू जन्मण्याआधीपासून शिकवितो आहे."

"मोशेला देवानं नमुना दाखवला होता, अब्बा. आपल्याला खोका दाखवलाय, तो तरी बघा."

कार्यालयात बसलेले सगळे हसले. मीही हसलो — वरवर.

तो जेवायला गेल्यावर मी दोऱ्याने माप घेतले. लांबी जवळजवळ बरोबर भरली, पण कार्ड आत जाईना. देवाचे नाव घेऊन दोन्ही अंगठ्यांनी दाबले. कट् असा आवाज झाला — बसले. दिवा लागला, पडदा उजळला. समाधान वाटले. यंत्र बंद करून प्रार्थनेस गेलो.

तिकिम्त ९, मंगळवार

यंत्र मृत. दिवाही लागत नाही.

देमेलाश म्हणतो, "मी हात लावला नाही, अब्बा." कार्यालयाची किल्ली मात्र त्याच्याचकडे असते.

तिकिम्त १०, बुधवार

उपासनेनंतर लोकांना थांबवून घेतले. क्रूस उचलून गिझित, म्हणजे धर्मबंदी, घातली — ज्याने यंत्र बिघडविले आणि जो ते कबूल करीत नाही, त्याने या उंबरठ्याच्या आत येऊ नये. त्याच्या घरच्या मुलाला बाप्तिस्मा नाही, मयताला खांदा नाही. ज्या तोंडाने ही बंदी घातली तेच ती उठवील.

कोणी देमेलाशकडे बोट दाखविले नाही. सर्वांनी फक्त त्याच्याकडे पाहिले.

आवाज आज उत्तम लागला होता. तो मला आवडला, हेही लिहून ठेवले पाहिजे.

तिकिम्त ११, गुरुवार

देमेलाशची मुलगी रविवारी ऐंशी दिवसांची होते. मुलीचा बाप्तिस्मा त्याच दिवशी करावयाचा असतो; तो मीच देणार होतो. त्याची सासू यशीहारेग आज दारात येऊन बसली.

"अब्बा, पोरीनं काय केलंय?"

"तिच्या बापाने कबूल करावे. त्याच क्षणी बंदी उठेल."

"तो म्हणतो, मी नाही त्यातला. पण त्याचे हात कधी स्वस्थ असतात? माझा चांगला चालणारा रेडिओ उघडून ठेवलान. आज वर्ष झालं, अजून उघडाच आहे." मग उठता उठता म्हणाली, "कबूल करेपर्यंत त्याला माझ्या हातची इंजेरा-भाकरी नाही. बसू दे कोरड्यानं."

मी मान डोलावली.

तिकिम्त १२, शुक्रवार

त्याचा अपराध त्याच्यासमोर मांडता यावा म्हणून एकटाच कार्यालयात गेलो. कार्ड उपसून काढले. खोक्यावरच्या चित्राशेजारी धरले.

खाच एका जागी. बोर्डातला दात दुसऱ्याच जागी असावयास हवा होता. होताही — आता तेथे नुसता पांढरा व्रण आहे. दात तुटून कार्डाच्या कडेत रुतून बसला होता. नखाने काढला. तिळाएवढा.

कट्.

तो आवाज मी ऐकला होता. ऐकून देवाचे आभार मानले होते.

परक्याच्या कोकरासाठी संतापून शिक्षा फर्माविणाऱ्या, आणि अपराधी आपणच आहोत हे न ओळखणाऱ्या दाविद राजावर मी किती प्रवचने केली असतील. प्रत्येक वेळी समोर बसलेल्यांकडे बोट करून.

कोणालाही सांगितले नाही. तो तिळाएवढा तुकडा कमरेच्या पंच्यात बांधून हिंडतो आहे.

तिकिम्त १३, शनिवार

आज सांगणारच होतो. त्याआधी देमेलाशच आला. गुडघे टेकले.

"अब्बा, मीच केलं."

"काय केलेस?"

"जे केलं म्हणता, ते."

"कसे?"

"दाबलं असणार."

"कोणत्या हाताने?"

"तुम्ही म्हणाल त्या." मान वर न करता पुढे म्हणाला, "उद्या पोरीचा दिवस आहे. तेवढं उठवा."

बोलण्यासाठी तोंड उघडले. तोंडातून बंदी उठविण्याचेच शब्द निघाले. क्रूस पुढे केला, त्याने त्याचे चुंबन घेतले. ज्याने काही केले नाही त्याला मी क्षमा केली! आणि त्याने ती घेतली, लेकरासाठी, खोटे बोलून, माझ्यासमोर, माझ्यामुळे.

जाताना दारापाशी वळून म्हणाला, "अब्बा, दुसरं कार्ड आलं तर आधी खाच बघू, हं?"

त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

तिकिम्त १४, रविवार

बाप्तिस्मा दुसऱ्या धर्मगुरूंना द्यावयास सांगितला. मी वहाणा काढल्या नाहीत. कुंपणाबाहेर उभा राहिलो. यशीहारेग बोलवायला आली — "अब्बा, आत चला, सगळे खोळंबलेत."

तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितले — यंत्र मी मोडले. बंदी माझ्यावर आहे, आणि माझी मला उठविता येत नाही.

तिने तुकडा पाहिला, मग मला.

"म्हणजे जावयाला मी तीन दिवस उपाशी ठेवला, तो उपास तुमच्या वाटचा?"