वाटेत राहिलेल्या पेशी

मुक्काम युसूफ वडगाव, मंगळवार संध्याकाळ

लेकीला, चिमीला, आज परत फिटचा झटका आला. झटका गेला, तरी मूठ घट्टच.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत बाकीच्या पेशींना आवरणाऱ्या पेशी असतात, कितीतरी तऱ्हांच्या. बाळ पोटात असताना त्या एका ठिकाणी जन्मतात आणि लांब चालत जाऊन आपापली जागा धरतात. चिमीच्या बऱ्याचशा पोचल्याच नाहीत.

ती पोटात होती तेव्हा मी रोज मेंढरांमागं चालत होते. त्यानं झालं का? डॉक्टर नाही म्हणाले. तरी तेच येतंय मनात. मी चालत होते, आणि त्या...

सासऱ्यांना सांगितलं. कळपातलं एक मेंढरू कमी दिसलं, तरी ते माघारी जातात. चिमीची मूठ हळूहळू सोडवत बसले. मग म्हणाले, "कुठवर आलत्या गं त्या? म्या जाऊन आणल्या असत्या."