खंडेनवमीच्या पाटावरचं पिस्तूल

झिंडेलफिंगेन,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

अहो,

सप्रेम नमस्कार. इथे सगळं खुशाल आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. थंडी सुरू झाली, माझे गुडघे कुरकुरायला लागलेत. तुमच्या नातीला, अन्वीला, माझं सगळं मराठी समजतं, उत्तरं मात्र कार्टी जर्मनमध्येच देते. तुम्ही बीपीचं औषध चुकवू नका आणि कामवाल्या बाई उरकतात तशी देवपूजा उरकू नका.

पत्र बघून दचकू नका. फोन इथे हॉलमध्ये स्पीकरवर चालतो, आणि माझं व्हॉट्सॲप राजसने स्वतःच्या टॅबलाही जोडून ठेवलंय. सूनबाईचा, मीनलचा, मामेभाऊ देवदत्त उद्या पुण्याला निघतोय, त्याच्या हाती पाकीट देतेय. चिकटवून वर सही केलीय. सही फाटलेली दिसली तर मला कळवा.

दसऱ्याचा गोंधळ राजसने तुम्हाला सांगितलाच. "आईने भोळेपणाने पिस्तूल पूजेत मांडलं, शेजारणीने फोटो काढून तक्रार केली, सरकारी माणसं येऊन घेऊन गेली." त्यावर तुम्ही हसलात. मी ऐकलं. तर झालं ते तसंच झालं. खंडेनवमीला मी पाटावर विळी मांडली, सुऱ्या मांडल्या, अन्वीची कात्री, राजसचं ड्रिल मशीन. घरात खरं शस्त्र असताना ते कपाटात का कोंडायचं, असं मनात आलं. आलं म्हणून काढलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला.

दोन वर्षांपूर्वी राजसने व्हिडिओवर आपल्याला दाखवलं होतं तेच ते. इथल्या नेमबाजीच्या क्लबात वर्षभर हजेरी लावली तेव्हा कुठे परवाना मिळाला, आणि पठ्ठ्याने दुकानातलं सगळ्यात स्वस्त, बावीस बोअरचं उचललं. दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, मग चाप. तेव्हा किती खूश होता! म्हणाला, "आई, ह्याच्यात घाई चालतच नाही. विचार करायला वेळ मिळतो." दर गुरुवारी क्लबात जायचा, भोकं पडलेले कागद आणायचा, अन्वी ते फ्रिजवर लावून भोकं मोजायची.

फ्रिजवरचा शेवटचा कागद मार्चचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, झालं हिचं सुरू! म्हणा. गॅसवाला सिलिंडर बदलून नेतो म्हणून मी वर्षभर खडूने खुणा केल्या आणि तो बिचारा साधा निघाला, हे तुम्ही चारचौघांत पन्नास वेळा सांगितलंय. तेव्हा चुकले. पण मी इथे ऑगस्टपासून डोळे मिटून बसलेली नाही.

बेकरीत नेमबाजीच्या क्लबातले बाउमानसाहेब भेटले. ते अन्वीशी बोलले, आणि ती मला काही सांगेना. तिच्या मागेच लागले तेव्हा तिने कसंबसं मराठी जुळवलं, "ते म्हणाले, बाबा ईस्टरनंतर आला नाही." मग गुरुवारी बॅग घेऊन हा जातो कुठे? मी लगेच मनात नाही नाही ते आणलं. एखादी बाई असेल, असंसुद्धा. खरं सांगते, बाई असती तर मी देवाला नारळ फोडला असता.

रोज सकाळी दाढी करून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघतो. मी इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले तर लॅपटॉप कपाटात, चादरीखाली. एकदा नाही, तीन दिवस लागोपाठ. विचारलं, "काम कसं चाललंय रे?" तर म्हणे, "गेनाऊ, आई, एकदम मस्त." हल्ली कशालाही गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणतो. जेवण अर्धं टाकतो.

आणि तुम्ही! विमानतळावर मला म्हणालात, "त्याला फार प्रश्न विचारू नकोस." का म्हणालात? नोकरी गेल्याचं तुम्हाला माहीत होतं. बायकोला नाही, आईला नाही, बापाला सांगितलं त्याने, आणि बापाने ते पोटात ठेवलं. त्याचं भांडण मी पुण्याला आल्यावर घालणार आहे, विसरले असं समजू नका.

पुढचं लिहिताना मी तीन वेळा पेन खाली ठेवलं. त्या चादरींच्या कप्प्यात एक निळी फाइल होती. वर मराठीत, मोठ्या अक्षरात, "मीनलसाठी". आत विम्याचे कागद, बँकेचे कागद, कुणाला फोन करायचा त्यांची नावं, अन्वीच्या शाळेचं काय करायचं ते. तुम्ही बायपासच्या आदल्या आठवड्यात केली होतीत, अगदी तशी. तुमचं तरी ऑपरेशन होतं हो. ह्याचं कसलं ऑपरेशन?

मी तिथेच पलंगावर बसले.

मीनलला सांगावं तर तिला नोकरीचंसुद्धा ठाऊक नाही. आणि माझा संशय म्हणजे गॅसवाल्याचा खडू, कोण खरं मानणार? तर आता खरं ऐका. मी भोळेपणाने काहीही केलं नाही. पिस्तूल ठेवतो त्या आकड्यांच्या तिजोरीवर अन्वीचा वाढदिवस दाबून पाहिला, उघडली नाही. आपला कोथरूडचा जुना सहा आकडी फोन नंबर दाबला आणि ती उघडली. पिस्तूल रिकामं होतं, गोळ्या वेगळ्या डबीत. ते घराबाहेर कसं काढायचं? नाल्यात टाकलं असतं तर परवाना त्याच्या नावावर, गुन्हा त्याच्यावर. मग शेजारच्या फ्राऊ क्योलर आठवल्या. इथे रविवारी आवाज करायची बंदी, कोणी काचेच्या बाटल्या टाकल्या तरी ही बाई तक्रारीचं पत्र लिहिते. कुणाचा कचरा चुकीच्या डब्यात पडला की फोटो काढते.

त्यांना मी खंडेनवमीच्या चहाला बोलावलं. हो, मीच. हळदकुंकू लावलं, लाडू दिला, आणि पाटासमोर खुर्ची मांडली. मुद्दाम स्वयंपाकघरात गेले आणि चहाला पाच मिनिटं जास्त लावली. बाहेर आले तर बाईसाहेब फोन पर्समध्ये ठेवत होत्या. लाडू तसाच.

संध्याकाळी राजसने पाट पाहिला. चेहरा पांढरा पडला. पिस्तूल पुसलं आणि आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी दोन माणसं दारात. अगदी सभ्य. फोटो दाखवला, तिजोरीतून पिस्तूल कोणी काढलं विचारलं. मी म्हटलं, मी. इथे मालकाखेरीज कुणालाही तिजोरीचा नंबर कळता कामा नये, असा कायदा आहे म्हणे. पावती देऊन पिस्तूल नेलं, गोळ्या नेल्या. मीनल माझ्यावर इतकी चिडली की जेवायला वाढताना ताट आपटलं. मी मान खाली घालून पुऱ्या खाल्ल्या.

दुपारी ती अन्वीला घेऊन बाहेर गेली. राजस स्वयंपाकघरात आला, मी भांडी पुसत होते.

"आई, फ्राऊ क्योलरना तू का बोलावलंस?"

"सणाला शेजारीण नको?"

"आई."

मग मला खोटं बोलवेना. म्हटलं, "मी निळी फाइल पाहिली."

तो ओट्याला टेकून खाली बसला, फरशीवरच. मग म्हणाला, "आल्झो... म्हणजे... ह्याच आठवड्यात, आई, मी..." मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. ओला हात, भांड्यांचा. पन्नाशीला आलेलं माझं पोर लहान असताना रडायचं तसं, आवाज करून रडलं. मीही रडले. मीनल आल्यावर त्यानेच तिला सगळं सांगितलं. मंगळवारी डॉक्टरची वेळ मिळालीय, ती सोबत जाणार आहे. तोवर आम्ही दोघी त्याला एकटं सोडत नाही. तो चिडतो. चिडू दे.

तुम्हाला एकच मागते. हे वाचलंत की पत्र जाळा, आणि लगेच त्याला फोन लावा. नोकरीचं विचारू नका, पिस्तुलाचं काढू नका, धीर देऊ नका. जेवलास का, एवढंच विचारा. तो म्हणेल, हो बाबा, ठेवतो. ठेवू देऊ नका. बागेतल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा सांगा, महागाई सांगा, माझी निंदा करा, काहीही करा, पण बोलत राहा.

मी इथे दाराशी उभी राहून ऐकत असेन.

तुमची
प्रभा